राखण नेमकी कशाची? देवदूत, फरिश्ते, फ्रवशी आणि राखणदार

दोन लहान मुलं फळ्या निखळलेल्या लाकडी पुलावरून चालली आहेत, खाली पाणी खळाळतंय आणि मागे मोठे पंख पसरून एक देवदूत त्यांच्यावर हात धरून उभा आहे. कॅथलिक घरांत हे छापील चित्र सर्रास दिसतं. ‘रक्षक देवदूत’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. मग मुसलमानांचे फरिश्ते, पारशांच्या फ्रवशी, कोकणातला राखणदार हे सगळे त्याच देवदूताचे भाऊबंद असणार, असं आपण धरून चालतो. तिथेच गल्लत होते.

या सगळ्या श्रद्धा समजून घ्यायच्या तर आधी एकच गोष्ट विचारावी: राखण कशाची? एकेका माणसाची, त्याच्या कर्मांच्या हिशेबाची, घराण्याची, की जागेची? याचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप उलगडतं. कुणाला प्रार्थना करायची आणि कुणाला करायची नाही, काय ठेवायचं, कोणत्या दिवशी, आणि चुकलं तर काय मानलं जातं, हे सारं त्यावरच ठरतं.

माणशी एक देवदूत

कॅथलिक शिकवणीत राखण व्यक्तीची असते. प्रत्येक माणसाला स्वतःचा एक देवदूत. याला आधार म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन (अध्याय १८, ओवी १०) देतात. लहानांना तुच्छ मानू नका, त्यांचे दूत स्वर्गात नेहमी पित्याचं मुख पाहत असतात, असं येशू तिथे सांगतो. पण ही समजूत पहिल्या शतकात किती घरगुती होती, हे दिसतं ते ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये, बाराव्या अध्यायात. पेत्र तुरुंगातून सुटून रात्री एका घराचं दार ठोठावतो. रोदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत धावत जाते. घरातल्यांचा विश्वास बसत नाही. ते म्हणतात, तो नसेल, त्याचा दूत असेल. पेत्र बिचारा बाहेर ठोठावतच राहतो. माणसाचा दूत त्याच्याच आवाजात बोलू शकतो, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

या श्रद्धेला काटेकोर चौकट दिली तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी. त्यांच्या मांडणीत देवदूतांच्या नऊ श्रेणी आहेत आणि माणसांच्या राखणीचं काम सर्वांत खालच्या श्रेणीकडे आहे. राखण जन्मापासून सुरू होते. पोटातल्या बाळाची काळजी आईचाच दूत घेतो, कारण तोवर ते तिच्यापासून वेगळं झालेलं नसतं. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, दूत प्रत्येकाला मिळतो. मग तरीही माणूस वाईट का वागतो, त्याला अपघात का होतात? अक्वायनस म्हणतात की दूत बुद्धीला उजेड दाखवतो, पण इच्छेवर जबरदस्ती करत नाही. तो माणसाला पुरता सोडून कधी जात नाही, मात्र ईश्वरी योजनेनुसार एखादं संकट येऊ देऊ शकतो. हा मुद्दा कळला नाही की श्रद्धाळू माणूस अपघातानंतर ‘माझा दूत कुठे गेला होता?’ म्हणून कोसळतो. शिकवणीनं तसं वचन कधी दिलेलंच नसतं.

सण २ ऑक्टोबरला असतो. पोप पाचवे पॉल यांनी १६०८ साली त्याला परवानगी दिली आणि दहावे क्लेमेंट यांनी १६७० साली तो सगळ्या चर्चसाठी याच तारखेला ठरवला. २९ सप्टेंबरचा सण वेगळा. तो मायकल, गॅब्रिएल आणि रफाएल या तीन महादूतांचा. दोन्ही सण तीन दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे हमखास गोंधळ होतो.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली, आपल्या दूताला नाव ठेवणं. ही हौस जुनी आहे. ७४५ साली रोमच्या धर्मसभेने आल्डेबर्ट नावाच्या एका उपदेशकाला दोषी ठरवलं, कारण तो प्रार्थनेत देवदूतांची भलतीच नावं घेत असे. २००१ साली व्हॅटिकनने लोकभक्तीबद्दल जी मार्गदर्शिका काढली तिच्यातही मायकल, गॅब्रिएल, रफाएल ही बायबलमधली तीन नावं सोडून दुसरी नावं देऊ नयेत असं म्हटलं आहे. आज इंटरनेटवर जन्मतारखेवरून ‘तुमच्या देवदूताचं नाव’ काढून देणारे आहेत, त्यांचा या शिकवणीशी काही संबंध नाही. दुसरी चूक, लहान मूल गेलं की ते देवदूत झालं असं सांगणं. शोकात हे बोललं जातं आणि त्यामागचं प्रेम खरं असतं, पण चर्चच्या मते देवदूत ही वेगळी निर्मिती आहे, माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. तिसरी चूक, दूताची आराधना. त्याला मदत मागावी, मध्यस्थी मागावी. आराधना फक्त देवाची.

प्रोटेस्टंटांचं थोडक्यात सांगता येईल. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांना देवदूत मान्य होते, पण माणशी नेमून दिलेला एकच दूत असतो असं ठामपणे म्हणायला ते तयार नव्हते. सगळेच दूत मिळून आपली काळजी घेतात एवढं पुरे, असा त्यांचा सूर आहे. शिवाय रफाएलची कथा ज्या तोबितच्या पुस्तकात येते ते प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतं, त्यामुळे प्रवासात सोबत करणाऱ्या दूताचं सर्वांत ठळक उदाहरण त्यांच्या हाताशी राहत नाही.

तरीही शिकवण आणि लोकांचा अनुभव वेगवेगळ्या वाटांनी जातात. अमेरिकेत बेलर विद्यापीठाच्या एका पाहणीचे निष्कर्ष २००८ साली आले, तेव्हा ५५ टक्के लोकांनी सांगितलं होतं की रक्षक देवदूताने आपल्याला इजेपासून वाचवलं आहे. नुसता विश्वास आहे का, असा हा प्रश्न नव्हता. तुम्हाला वाचवलं का, असं विचारलं होतं. कोणीतरी सोबत असल्याची अशी जाणीव धर्माच्या बाहेरही होते. १९१६ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरच्या शॅकल्टन, वर्स्ले आणि क्रीन यांनी साऊथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर सुमारे ३६ तासांत ओलांडले. आपण तिघे नसून चौघे आहोत असं त्या चालीत वारंवार वाटत होतं, असं शॅकल्टन यांनी नंतर लिहिलं. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या-मागच्या भागात सौम्य विद्युत उत्तेजना दिली, तेव्हा तिला मागे कुणाची तरी सावली असल्याचं जाणवलं. ती सावली तिच्या शरीराच्या स्थितीची नक्कल करत होती. थकवा, थंडी, एकटेपणा यांत स्वतःच्याच शरीराची जाणीव मेंदू ‘दुसरं कोणी’ म्हणून वाचतो, असं त्यावरून समजतात. ही जाणीव कशी घडते ते यातून कळतं. तिचा अर्थ काय लावायचा, ते प्रत्येक समाज आपापल्या परीने ठरवतो.

हिशेब ठेवणारे फरिश्ते

इस्लाममध्ये राखण आणि नोंद या दोन्ही गोष्टी जोडीने येतात. कुरआनच्या १३व्या सूरेतली (अध्यायातली) ११वी आयत (वचन) सांगते की माणसाच्या पुढे आणि मागे पाळीने येणारे रक्षक आहेत, जे अल्लाहच्या हुकमाने त्याला सांभाळतात. ८२व्या सूरेत ‘किरामन कातिबीन’ येतात, म्हणजे आदरणीय लेखनिक. ५०वी सूरा त्यांची जागा सांगते. एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि तोंडातून शब्द निघाला की टिपायला हजर.

यातले नियम फार नेमके आहेत. हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेनुसार, रात्रीचे आणि दिवसाचे फरिश्ते पाळी बदलतात आणि दोन्ही पाळ्या फज्र (पहाटेच्या) व असर (दुपारनंतरच्या) या नमाजांना एकत्र येतात. या दोन नमाजांवर इतका भर का, याचं एक उत्तर त्यात आहे. हिशेबाची पद्धतही सांगितली आहे. चांगलं करायचं मनात आणलं पण जमलं नाही, तरी एक पुण्य लिहिलं जातं. प्रत्यक्ष केलं तर दहापासून सातशेपट. वाईट करायचं मनात आलं आणि ते टाळलं, तर त्याचंही एक पुण्य. केलं तर मात्र एकच पाप. म्हणजे वही माणसाच्या बाजूनेच झुकलेली आहे. फरिश्ते म्हणजे केवळ धाक, असं समजणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं.

रोजच्या वागण्यात याचं रूप साधं असतं. झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सी (सूरा २, आयत २५५) पठण केली तर सकाळपर्यंत अल्लाहकडून एक रक्षक राहतो, असं हदीसमध्ये आहे. नमाज संपताना उजवीकडे व डावीकडे तोंड वळवून जो सलाम केला जातो, त्यात शेजारच्या नमाजींसोबत फरिश्त्यांनाही मनात धरावं असं अनेक आलिम (धर्मपंडित) सांगतात. मात्र मागणं अल्लाहकडेच. फरिश्त्याला थेट हाक मारणं किंवा त्यांची नावं लिहून ताईत बांधणं हा वादाचा विषय आहे, आणि अनेक आलिम ते ठाम नाकारतात. कॅथलिक माणूस आपल्या दूताशी रोज बोलतो आणि मुसलमान बोलत नाही. राखणीचा विश्वास दोघांचाही पक्का, पण नेमणूक वेगळी.

शुक्रवारचं घर आणि मलिद्याचं ताट

यहुदी परंपरेत राखण घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबते. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात असं सांगितलं आहे की शुक्रवारी संध्याकाळी सभास्थानातून घरी परतणाऱ्या माणसाबरोबर दोन दूत येतात, एक चांगला, एक वाईट. दिवा लागलेला, टेबल मांडलेलं, अंथरूण नीट घातलेलं दिसलं, तर चांगला दूत म्हणतो, पुढच्या शब्बाथलाही (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशीही) असंच असो. वाइटाला मनात नसताना आमेन म्हणावं लागतं. घर अस्ताव्यस्त असेल तर उलट घडतं. सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी दिवे लावण्याची रीत आहे. घरी आल्यावर दूतांचं स्वागत करणारं चार कडव्यांचं गीत म्हणतात, बहुतेक घरांत प्रत्येक कडवं तीनदा.

आपल्याकडच्या बेने इस्रायलींनी मात्र पाठराखा म्हणून दूतापेक्षा एका संदेष्ट्याला जवळ केलं: एलियाहू हनाबी, म्हणजे बायबलमधला एलिया. रायगड जिल्ह्यात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात जाताना किंवा आजारातून उठल्यावर ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळं. खाण्याआधी आशीर्वचनं म्हणायची आणि प्रत्येक प्रकाराचं वेगळं म्हणायचं. इथे नवख्याचं चुकतं ते केळ्यापाशी. सफरचंद, खजूर झाडाची फळं म्हणून एका आशीर्वचनात येतात. यहुदी नियमांत केळ मात्र झाडाचं फळ धरत नाहीत, कारण केळीचं खोड लाकडी नसतं आणि घड आला की वाळून जातं. म्हणून त्याचं आशीर्वचन जमिनीच्या पिकाचं.

मलिदा पारशांच्या विधींतही असतो, पण तो गहू, तूप आणि साखरेचा. दर्ग्यांवरचा मलिदा पोळी कुस्करून करतात. कोकण-मुंबईच्या या पट्ट्यात शेजाऱ्याशेजाऱ्यांत काय काय फिरलं, याची ती चविष्ट नोंद आहे.

पारशी: जन्माआधीपासून सोबत असलेली फ्रवशी

फ्रवशीला देवदूत म्हणणं सोयीचं आहे, पण बरोबर नाही. जरथुश्त्री विचारात माणसाचा आत्मा, म्हणजे उर्वान, बरं-वाईट करतो आणि मृत्यूनंतर चौथ्या दिवशी पहाटे परलोकाच्या वाटेवरच्या चिनवत पुलावर त्याचा निवाडा होतो. फ्रवशी या सगळ्यातून निष्कलंक राहते. ती माणूस जन्मण्याआधी असते, आयुष्यभर योग्य वाट दाखवते आणि नंतरही उरते. बुंदहिश्न या ग्रंथानुसार अहुरा मझ्दाने, म्हणजे परमेश्वराने, फ्रवशींना विचारलं होतं, अदृश्य लोकात सुरक्षित राहणार, की देह धारण करून दुष्टाशी लढणार? त्यांनी देह निवडला. म्हणजे इथे रक्षण करणारी शक्ती बाहेरून नेमलेली नसून ती माणसाचाच सर्वांत जुना भाग आहे. मला स्वतःला या सगळ्या विचारांत हा सर्वांत धाडसी वाटतो.

देह सुटल्यावर फ्रवशी घराण्याची राखण करतात, आणि म्हणून त्यांचा मोठा विधी घराण्याचा असतो: मुक्ताद. पारशी वर्ष ३० दिवसांचे १२ महिने अधिक ५ गाथा दिवस, असं ३६५ दिवसांचं. मुक्ताद म्हणजे बाराव्या महिन्याचे शेवटचे पाच दिवस आणि हे पाच गाथा दिवस, एकूण दहा. बहुतेक पारशी पाळतात त्या शहनशाही पंचांगात लीप दिवस नसल्याने दर चार वर्षांनी सगळं एक दिवस अलीकडे सरकतं. सध्या मुक्ताद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. आपण नववर्षाला ‘पतेतीच्या शुभेच्छा’ देतो, पण पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या-गेल्याची क्षमा मागण्याचा. शुभेच्छा दुसऱ्या दिवशीच्या नवरोजला द्याव्यात.

अग्यारीत (पारशी अग्निमंदिरात) किंवा घरी खोली धुऊन घेतात, बहुधा संगमरवरी माथ्याची टेबलं मांडतात आणि त्यांवर चांदीचे किंवा जर्मन सिल्व्हरचे कलश ठेवतात, घराण्यातल्या गेलेल्यांच्या नावाने. कलशात पाणी आणि ताजी फुलं. शेजारी अखंड दिवा, फळं, गोड पदार्थ. पाणी रोज बदलायचं. ऑगस्टच्या दमट हवेत हे चुकवलं तर देठं एका दिवसात कुजतात, आणि मुक्तादच्या खोलीत दुर्गंधी येऊ देणं ही मोठीच हयगय मानतात. मोबेद (पारशी धर्मगुरू) आफ्रिंगान, बाज, सतूम, फरोक्षी असे विधी करतात. फरोक्षीत फ्रवशींचं स्तवन असलेली फरवर्दीन यश्त म्हणतात. त्या यश्तमध्ये फ्रवशी दहा रात्री वस्तीवर फिरून विचारतात: आमची स्तुती कोण करील? अन्न आणि वस्त्र हाती घेऊन आमचं स्वागत कोण करील? आमच्यातलं कुणाचं नाव इथे घेतलं जाईल?

हा शेवटचा प्रश्न व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा. प्रार्थनेत नावं एकेक करून घेतात, म्हणून घराण्याची यादी जपावी लागते. वंश आटला, मुलं परदेशी गेली, की ही नावं घ्यायला कोणी उरत नाही. काही कुटुंबं म्हणून अग्यारीत रक्कम ठेवून दरवर्षीच्या मुक्तादची सोय करतात. घटत्या लोकसंख्येच्या या समाजात ही चिंता किती खोल आहे, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही.

शिवेवरचा राखणदार

दक्षिण कोकण आणि गोव्यात राखण जागेची. राखणदाराला तुमचं नाव ठाऊक असण्याची गरज नाही. तुम्ही त्याच्या हद्दीत आहात एवढं पुरतं. तो बहुधा देवळात नसतो. एखादा पाषाण, जुनं झाड, तिठा, व्हाळाचा (ओढ्याचा) उतार, खाजणाचा (खाडीकाठच्या शेताचा) बांध ही त्याची ठिकाणं. नीट पाहिलं तर ही सगळी जोखमीची ठिकाणं आहेत. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरून भात जातं, व्हाळाला अचानक लोंढा येतो, तिठ्यावर रात्री वाट चुकते. देवचार म्हणून त्याचं जे वर्णन करतात तेही गस्त घालणाऱ्याचं आहे: खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी आणि पेटती चूड (मशाल). वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री गावाभोवती फेरी मारताना देवाच्या वहाणा झिजतात, ही त्यामागची श्रद्धा.

‘राखण देणे’ हा वार्षिक विधी. दिवस गावागणिक वेगळा. जागा साफ करून विडा आणि नारळ ठेवतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो, जमलेले ‘होय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाण्यात हद्दीतल्या माणसांची, गुराढोरांची, पिकाची, मुंबईला असलेल्या चाकरमान्यांचीही राखण मागतात. मग कोंबडा, तांदळाचे रोट, कुठे दारू आणि विडी. पुष्कळ ठिकाणी जेवण तिथेच रांधून तिथेच संपवायचं, घरी न्यायचं नाही, असा दंडक असतो, कारण ते हद्दीच्या धन्याचं असतं. गोव्यात शिवोलीला नाताळानंतर होणाऱ्या जागोर या उत्सवात हिंदू आणि कॅथलिक दोघंही भाग घेतात. गावाचे बांध सांभाळणारा म्हणून तिथल्या जागऱ्याला मान आहे. धर्म बदलला तरी शेत आणि बांध तेच राहिले, त्यामुळे राखणदारही तोच राहिला.

अडचण कुठे येते? एक, जमीन विकली जाते तेव्हा. राखणदार जागेचा असल्याने राखणीची जबाबदारी नव्या मालकाकडे जाते असं गाव मानतं, पण खरेदीखतात त्याची ओळ नसते. बाहेरून आलेला माणूस पाषाण हलवतो, कुंपण घालतो, आणि भांडण पेटतं. घेण्यापूर्वी शेजाऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारलं तर हे टळतं. राखण कोण देतं, कुठून वाट सोडतात, हे तेच सांगतात.

दोन, आजारपणात. घरात ताप आला की ‘राखण चुकली’ म्हणून कौल लावायला धावतात. सत्तरी आणि दोडामार्ग भागात, जिथे ही श्रद्धा घट्ट आहे, तिथेच माकडताप होतो. भातशेतीच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. दोन्हींत सुरुवातीचे दिवस मोलाचे. तापाचं रक्त आधी तपासावं, नारळ नंतर ठेवला तरी देव रागावत नाही, हे जाणते मानकरी स्वतःच सांगतात.

तीन, भीतीचा धंदा. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा पूजा-अर्चा, नवस, वार्षिक राखण यांना हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, करणीचा आरोप ठेवून एखाद्याला छळणं, अतींद्रिय शक्तीचा दावा करून लुबाडणं, उपचार घेण्यापासून अडवणं हे मात्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. राखणदाराचा कोप झाला म्हणून कोणी पैसे मागितले किंवा दवाखान्यात जाऊ नका म्हटलं, तर थेट पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.